वरच्या मजल्यावर हुडहुडी, खालच्या मजल्यावर उघड्या खिडक्या: बॉयलर बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच मजली जुनी इमारत, सगळी भाड्याची घरं. तळघरात गॅसवर चालणारा एकच बॉयलर आणि त्याचं गरम पाणी प्रत्येक घरातल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरतं. प्रश्न विचारणाऱ्या ताई सगळ्यात वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या घरात राहतात. कडाक्याच्या थंडीत घरात १५-१६ अंशांच्या वर तापमान जात नाही. रेडिएटर खालून कोमट आणि वरून गार लागतो. पहिल्या मजल्यावरची मंडळी मात्र उकडतं म्हणून खिडक्या उघडून बसतात. घरमालकांचं म्हणणं, बॉयलर म्हातारा झालाय, मोठा बसवावा लागेल, पण खर्च पुढच्या वर्षी. तळघरातल्या प्रेशर गेजवर काटा १.१ बारवर असतो. बॉयलर न बदलता काही होऊ शकेल का?

होऊ शकेल. जुन्या इमारतींच्या हीटिंगचं काम करता करता माझी बावीस वर्षं गेली, आणि तुमच्या चार ओळींतच मला निदानाचा बराचसा भाग दिसतोय. एकाच इमारतीत एका घरात खिडक्या उघड्या आणि दुसऱ्या घरात अंगावर दोन स्वेटर, याचा अर्थ उष्णता तयार होते आहे, ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. बॉयलरचं काम पाणी तापवायचं. ते सगळ्यांना नीट वाटायचं काम पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह यांचं. वाटप चुकलेलं असेल तर मोठा बॉयलर आणून तुमच्या घरात फारसा फरक पडणार नाही, खाली मात्र अजून दोन खिडक्या उघडतील.

बॉयलर खरंच अपुरा आहे का हे ठरवायला पैसे लागत नाहीत. घरमालकांच्या परवानगीने, सगळ्यात थंड दिवशी पहाटे, घड्याळ घेऊन अर्धा तास तळघरात बसा. बर्नर पेटला की वेळ लिहायची, विझला की वेळ लिहायची. बर्नर पाच-सात मिनिटं चालून बंद पडत असेल, थोड्या वेळाने पुन्हा पेटत असेल, आणि बॉयलरमधून निघणारं पाणी लावलेल्या तापमानाला आरामात पोचत असेल, तर बॉयलर लहान नाही. त्याच्याकडची उष्णता घ्यायला कोणी नाही म्हणून तो थांबतोय. याउलट बर्नर सलग पेटलेलाच आहे आणि तरी पाणी ठरलेल्या तापमानापर्यंत चढत नाही, असं दिसलं तर मात्र बॉयलरकडे संशयाने बघायचं. तेव्हाही आधी तो साफ आहे का, गॅसचा दाब आणि ज्वाला बरोबर आहे का, हे तपासायचं. बदलायचा विचार त्यानंतर.

आता तो १.१ बारचा आकडा. मला सगळ्यात जास्त तोच खटकला.

पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ तोलून धरायला साधारण एक बार दाब लागतो. तुमची इमारत पाच मजली आहे आणि गेज तळघरात आहे. म्हणजे तुमच्या रेडिएटरचा माथा गेजपासून सुमारे पंधरा मीटर उंचीवर असणार. तिथपर्यंत पाणी नुसतं पोचायलाच १.५ बार हवा. त्यावर आणखी ०.३ ते ०.५ बार शिल्लक लागतो, म्हणजे माथ्यावरही दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त राहतो आणि हवा आत शिरत नाही. तेव्हा पाणी गार असताना काटा १.८ ते २ च्या आसपास असायला हवा. १.१ बारमध्ये पाणी अकरा मीटरपर्यंतच स्वतःच्या दाबावर उभं राहतं. वर ते राहतं ते बंद पाइपातल्या पोकळीच्या ओढीवर, आणि तिथे दाब हवेपेक्षा कमी असतो. मग व्हॉल्व्हच्या जुन्या पॅकिंगमधून, कुठल्याशा सांध्यातून हवा आत शोषली जाते आणि रेडिएटरच्या वरच्या भागात साठून बसते. वरून गार, खालून कोमट, हे तुम्ही केलेलं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

याची खात्री तुम्ही घरातच करू शकता. रेडिएटरच्या एका वरच्या टोकाला हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. त्यासाठी चौकोनी भोकाची किल्ली मिळते, काही ठिकाणी साधा स्क्रू ड्रायव्हर चालतो. आधी पंप बंद करून घ्या आणि पाणी फार गरम नसताना हे करा. खाली वाटी धरा, स्क्रूच्या तोंडाशी पातळ टिश्यू कागदाचा कपटा धरा आणि स्क्रू पाव फेरा सैल करा. फुस्स आवाज करत कागद बाहेर ढकलला गेला तर आत नुसती अडकलेली हवा आहे. पाण्याची सलग धार लागली की स्क्रू बंद, काम झालं. कागद उलट भोकाला चिकटला, म्हणजे रेडिएटर हवा आत ओढतोय असं दिसलं, तर लगेच स्क्रू आवळा. दाब कमी असल्याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. अशा अवस्थेत रोज हवा काढत बसलात तर तुम्ही रोज थोडी हवा आत भरत असता. मी असे भाडेकरू पाहिलेत जे बिचारे इमानेइतबारे दर रविवारी हवा काढायचे आणि दर सोमवारी रेडिएटर आणखी गार असायचा.

मग पाणी भरून दाब वाढवला की झालं? इथेच बहुतेक लोक घाई करतात. आधी गेज खरं सांगतोय का ते बघावं लागतं. जुन्या गेजचा काटा वर्षानुवर्षं एकाच जागी अडकलेला मी अनेकदा पाहिलाय. पाणी सोडायच्या नळाला दुसरा गेज लावून दोन मिनिटांत पडताळा होतो. त्यानंतर विचारायचा प्रश्न म्हणजे दाब उतरला कशामुळे. बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांच्या बंद जाळ्यातलं पाणी आपोआप कमी होत नाही. एक तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर एक्सपान्शन टाकी बिघडली आहे.

ही टाकी समजून घेण्यासारखी आहे, कारण ‘रोज दाब उतरतो’ या तक्रारीच्या मुळाशी मला बहुतेक वेळा तीच सापडली. हजार लिटर पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की सुमारे २२ लिटरनी फुगतं. या फुगलेल्या पाण्याला जागा हवी म्हणून टाकीत रबरी पडद्यापलीकडे हवा भरलेली असते. त्या हवेचा दाब इमारतीच्या उंचीप्रमाणे ठरवायचा असतो. तुमच्याकडे तो १.५ बारच्या आसपास हवा. समजा तो कुणीतरी ०.८ वर ठेवलाय. आता जाळ्यात १.८ बारपर्यंत पाणी भरलं तर टाकीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गार पाण्यानेच भरून जातो. पाणी तापल्यावर फुगायला पुरेशी जागा राहत नाही, दाब झपाट्याने चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थोडं पाणी बाहेर टाकतो. रात्री पाणी निवलं की गेज पुन्हा खाली. सकाळी कुणीतरी येऊन पुन्हा पाणी भरतो. या चक्रात दर वेळी ताजं पाणी आत जातं, त्यातल्या ऑक्सिजनने लोखंड गंजतं, गंजाचा काळा गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो, आणि दोन-तीन वर्षांनी तक्रार येते की रेडिएटर आता खालूनही गार पडलाय.

म्हणून तंत्रज्ञाला बोलावताना ‘पाणी भरून द्या’ एवढंच म्हणू नका. टाकीतला हवेचा दाब तपासायला सांगा. तो टाकी जाळ्यापासून वेगळी करून, तिच्यातलं पाणी काढूनच मोजता येतो. पाणी भरलेल्या टाकीवर मोजलेला आकडा कामाचा नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह किती बारचा आहे तेही वाचायला सांगा. बऱ्याच ठिकाणी तो ३ बारचा असतो, आणि मग गार पाण्याला १.८-२ बार ठेवायला पुरेसा वाव मिळतो. तो याहून कमी दाबाचा असेल तर बॉयलरची स्वतःची मर्यादा बघूनच पुढचा निर्णय घ्यायचा. हे काम जाणकाराचंच आहे. तुम्ही स्वतः तळघरात जाऊन पाण्याचा नळ सोडू नका.

दाब ठीक झाला, हवा निघाली, तरी दुसरा दोष राहतोच, आणि खालच्या मजल्यावरच्या उघड्या खिडक्या त्याचीच साक्ष देतात. पाणी आळशी असतं, त्याला जवळची वाट आवडते. पंपाजवळच्या रेडिएटरमधून ते धो धो वाहतं आणि परत येतं. दूरच्या, वरच्या रेडिएटरपर्यंत उरलंसुरलं जातं. यावरचा उपाय म्हणजे बॅलन्सिंग: जवळच्यांचा प्रवाह आवळायचा, म्हणजे दूरच्यांना मिळतो.

हे ऐकून खालचे भाडेकरू लगेच हरकत घेतात, की आमचं कमी करून त्यांना देणार. त्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते. रेडिएटर देतो ती उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही. प्रवाह निम्मा केला तरी उष्णता निम्मी होत नाही, ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहते. पाणी सावकाश गेलं की जास्त निवून बाहेर पडतं, एवढंच. म्हणजे खालच्यांच्या घरात जे जादा पाणी धावतंय त्यातलं बरंचसं नुसतं फिरून परत जातंय, त्यांनाही त्याचा उपयोग नाही. ते तुमच्याकडे वळवलं तर त्यांचं जातं थोडं आणि तुम्हाला मिळतं भरपूर. मला माझ्या कामातला हा सगळ्यात समाधानाचा भाग वाटतो.

मोजायचं कसं? प्रत्येक रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपाचं तापमान घ्यायचं. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो, पण चकचकीत धातूवर तो साफ खोटं बोलतो. पाइपावर काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. आत जाताना ६५ आणि बाहेर येताना ६३ दिसलं तर त्या रेडिएटरमध्ये पाणी गरजेपेक्षा खूप जास्त जातंय. ६५ आणि ३५ दिसलं तर तो उपाशी आहे. सगळ्या इमारतीत हा फरक १० ते १५ अंशांच्या दरम्यान आला म्हणजे वाटप जमलं. क्रम मात्र पाळायचा. आधी तळघरातून वर जाणाऱ्या उभ्या पाइपांचा आपापसात मेळ बसवायचा, मग एकेका उभ्या पाइपावरच्या रेडिएटरचा. बाहेर येणाऱ्या बाजूला टोपीखाली लपलेला एक व्हॉल्व्ह असतो, लॉकशील्ड म्हणतात त्याला. तो किती फेरे उघडा होता हे आधी मोजून वहीत लिहायचं, मगच हात लावायचा. पहिल्या मजल्यावर कित्येकदा तो पाव फेरा उघडा ठेवला तरी घर छान उबदार राहतं. एक बदल केला की निदान काही तास थांबायचं, कारण एकीकडे आवळलं की सगळीकडचे आकडे हलतात. पन्नास रेडिएटरची इमारत एका दिवसात बॅलन्स करून देतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

एक प्रसंग सांगतो. अशाच एका इमारतीत एक पूर्ण बाजू गार होती, चारही मजले. माझ्याआधी येऊन गेलेल्यांनी दोनदा पंप बदलला होता, दर वेळी आधीपेक्षा मोठा. बाकीच्या बाजूंना पाइपात पाणी सूं सूं आवाज करायला लागलं, लोकांची झोप गेली, पण ती बाजू गारच राहिली. मी तळघरात त्या बाजूच्या पाइपाच्या कडेकडेने हात लावत गेलो. जुन्या कपाटांच्या मागे, भिंतीला लागून एक पितळी गेट व्हॉल्व्ह होता, चाक पूर्ण उघडं. चाक फिरवलं तर फिरतही होतं, अगदी लोण्यासारखं. ते इतकं सहज फिरतं हेच मला विचित्र वाटलं. व्हॉल्व्हच्या अलीकडे टेप लावून मोजलं, ६२ अंश. पलीकडे हातभर अंतरावर, ३१. आतली लोखंडी फळी दांड्यापासून निसटून खाली पडली होती. वरून चाक उघडत होतं, आतली फळी वाट अडवून तशीच बसलेली होती. तो एक व्हॉल्व्ह बदलला आणि संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवरचे रेडिएटर तापले. मोठा पंप मग परत काढून लहान लावला. तेव्हापासून मी कुठल्याही इमारतीत गेलो की आधी तळघरातला प्रत्येक व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी मोजतो, त्याचं चाक काहीही सांगत असो.

तुमच्या स्वतःच्या घरातल्या दोन-तीन गोष्टी बघून घ्या, त्यांना कुणाची वाट बघायला नको. रेडिएटरवर आकडे लिहिलेली गोल मूठ, म्हणजे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असेल, तर उन्हाळाभर बंद राहून त्याची आतली पिन अडकण्याचा संभव दाट असतो. मूठ पूर्ण उघडून काढली की मधोमध बारीक पिन दिसते. लाकडाच्या तुकड्याने हलकेच दाबली तर ती काही मिलिमीटर आत जाऊन आपसूक बाहेर यायला हवी. आत रुतून बसली असेल तर हलकेच ठोकून, दाबून ती मोकळी होते. पक्कडीने ओढू मात्र नका, पिन उपटली गेली तर खोलीभर पाणी होईल. ही मूठ जाड पडद्यामागे किंवा सोफ्यामागे असेल तर तिला भोवतालची कोंडलेली गरम हवाच कळते. खोली तापली अशा समजुतीने ती पाणी बंद करते आणि तुम्ही मात्र कुडकुडत बसता. जमिनीपर्यंत येणारे पडदे रेडिएटरच्या वरच संपतील असे आखूड करा. लाकडी जाळीचं कव्हर असेल तर थंडीपुरतं काढून ठेवा.

बॉयलरच्या नियंत्रणाचं थोडक्यात सांगतो. बाहेर जितकी थंडी जास्त तितकं पाणी जास्त तापवायचं, असा नियम बऱ्याच बॉयलरमध्ये बसवलेला असतो आणि त्यासाठी बाहेरच्या भिंतीवर एक सेन्सर असतो. तो सेन्सर दक्षिणेच्या उन्हात किंवा एखाद्या धुराड्याच्या तोंडाशी बसवलेला असेल तर त्याला थंडी कळतच नाही. रात्री पाण्याचं तापमान किती उतरवतात तेही विचारा. वरची कोपऱ्यातली घरं रात्री पटकन निवतात आणि सकाळी त्यांना पुन्हा तापायला दुपार होते. कडाक्याच्या दिवसांत रात्रीची कपात कमी ठेवणंच बरं. मात्र वाटप सुधारण्याआधी पाण्याचं तापमान वाढवून घेऊ नका. तसं केलं तर तुम्हाला दोन अंश मिळतील आणि खालच्यांना चार, गॅसचं बिल मात्र सगळ्यांच्या डोक्यावर.

आता कोपऱ्यातल्या घराची गोष्ट, कारण सगळं दुरुस्त झाल्यावरही तुमचं घर इतरांपेक्षा थोडं मागे राहील अशी शक्यता आहे. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोली धरू. बाहेर शून्य, आत वीस अंश. जुनी, इन्सुलेशन नसलेली भिंत प्रत्येक चौरस मीटरमधून दर अंशाला सुमारे दीड वॅट बाहेर सोडते, एकपदरी काचेची खिडकी पाचच्या आसपास. मधल्या मजल्यावर एकच बाहेरची भिंत आणि तीन चौरस मीटरची खिडकी असलेल्या खोलीतून, फटींतून बदलणारी हवा धरून, साधारण ८२० वॅट उष्णता बाहेर जाते. तीच खोली वरच्या मजल्यावर कोपऱ्यात असेल तर दुसरी भिंत आणि छप्पर मिळून आकडा १,५०० च्या पुढे जातो. जवळजवळ दुप्पट. ज्यांनी मुळात इमारत बांधली त्यांना हे माहीत असायचं, म्हणून जुन्या इमारतींत वरच्या आणि कोपऱ्यातल्या घरांना रेडिएटरचे खण, म्हणजे एकमेकांना जोडलेले उभे लोखंडी भाग, जास्त दिलेले आढळतात. तुमच्या रेडिएटरचे खण मोजा आणि तुमच्या खालच्या शेजाऱ्यांचे मोजा. आकडा सारखाच निघाला, किंवा तुमच्याकडे मधेच कधीतरी नवा सपाट छोटा रेडिएटर बसवलेला दिसला, तर कधीच्या तरी नूतनीकरणात कुणीतरी चूक केली आहे. तिथे योग्य आकाराचा रेडिएटर लावणं बॉयलर बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे.

रेडिएटरच्या माहितीपत्रकात लिहिलेले वॅट वाचताना एक काळजी घ्या. ते सहसा ७५ अंशांनी पाणी आत, ६५ ला बाहेर आणि खोली २० अंश, असं धरून दिलेले असतात. तुमच्याकडे पाणी ५५ ला येऊन ४५ ला जात असेल तर तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देईल.

छपरावर इन्सुलेशन घालणं घरमालकांच्या हातात आहे, आणि वरच्या मजल्याला त्याचा जितका फायदा होतो तितका बाकी कशाचाच नाही. फटी मात्र तुम्ही बुजवू शकता. वारा सुटलेल्या दिवशी पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीकडेने सावकाश फिरवा, पडदे बाजूला करून. धूर जिथे एकदम वाकतो तिथे फट आहे. चिकटणारी रबरी पट्टी लावली की तासाभरात फरक कळतो. एकपदरी काच असेल तर आतून लावायची पारदर्शक फिल्म मिळते, ती कामचलाऊ असली तरी हिवाळा काढून देते. इमारतीच्या जिन्यावर गच्चीचं दार किंवा झडप उघडी राहत असेल तर ती बंद ठेवायला सांगा. गरम हवा वर चढून तिथून निघून जाते आणि तेवढीच गार हवा खालच्या मजल्यांच्या फटींतून आत ओढली जाते. मात्र स्वयंपाकघरात किंवा गॅसचं उपकरण असलेल्या खोलीत हवेसाठी मुद्दाम ठेवलेली जाळी कधीही बुजवू नका.

हा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या इमारतीत पाण्याऐवजी वाफ फिरत असेल, रेडिएटरला एकच पाइप येत असेल, तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे रेडिएटरच्या कडेला हवा सोडणारं एक छोटं उपकरण असतं, तेच रंगाने किंवा गंजाने बुजलेलं असतं. रेडिएटर व्हॉल्व्हकडे किंचित उतरता असावा लागतो, नाहीतर पाणी साचून हातोड्याचे ठोके बसल्यासारखा आवाज येतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवायचा, अर्धवट कधीच नाही. आणि वाफेचा दाब वाढवून काही साधत नाही, ती प्रणाली अगदी कमी दाबावर चालायलाच बनवलेली असते. तळघरातल्या जुन्या पाइपांवर पांढरट, प्लास्टरसारखं वेष्टन असेल तर त्याला हात लावू नका, खरवडू नका. ते ॲस्बेस्टॉस असू शकतं.

हे सगळं होईपर्यंतची थंडी कशी काढायची? इलेक्ट्रिक हीटर चालेल, पण थेट भिंतीतल्या सॉकेटला. जुन्या वायरिंगवर १,५०० वॅटचा हीटर लांब एक्स्टेन्शन बोर्डवर लावणं म्हणजे आगीला आवतण. पडदे आणि अंथरुणापासून तो निदान मीटरभर लांब ठेवा, झोपताना बंद करा. मध्येमध्ये प्लग आणि सॉकेटला हात लावून बघा, गरम लागला तर वापर थांबवा. गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर गरम करण्याचा विचारही नको. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस झोपेतच दगावतो. गॅसची उपकरणं असलेल्या घरात त्याचा अलार्म असलाच पाहिजे. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर एक खोली निवडून तीच नीट गरम ठेवा.

घरमालकांशी बोलायचं कसं हेही तितकंच महत्त्वाचं आहे. ‘फार थंडी वाजते’ या वाक्यावर घरमालक सहानुभूती दाखवतो आणि विसरतो. आठवडाभराच्या नोंदी बाजूला सारणं त्याला जड जातं. साधा थर्मामीटर खोलीच्या मध्यभागी, जमिनीपासून मीटरभर उंचीवर, उन्हापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. सकाळी सहा, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना, असे चार आकडे रोज लिहा, शेजारी बाहेरचं तापमान लिहा. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही तसंच लिहायला सांगा. तीन मजल्यांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी आले की वाटपातला दोष समजवायची गरजच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानात घरातलं किमान सुरक्षित तापमान म्हणून १८ अंश सुचवलेलं आहे. अनेक शहरांत भाड्याच्या घरांसाठी किमान तापमानाचा कायदाही असतो, तुमच्या ठिकाणचा आकडा शोधून तो त्याच कागदावर लिहा. पत्र लेखी द्या, तारीख घाला, प्रत ठेवा. भाडं थांबवण्याची घाई मात्र जाणकार वकिलाला विचारल्याशिवाय करू नका, त्यात भाडेकरूच अडचणीत येतो.

पत्रात मागणी नेमकी करा: गेजचा पडताळा, एक्सपान्शन टाकीचा दाब, गळतीचा शोध, जाळ्याचा दाब १.८ बारच्या आसपास आणून सगळ्या रेडिएटरमधली हवा काढणं, तळघरातल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचं तापमान, आणि मग बॅलन्सिंग. गाळ निघाला तर जाळं धुऊन चुंबकीय फिल्टर बसवायचा, पण जुन्या पाइपांवर जोराच्या दाबाने नाही. कधीकधी गंजच भोक धरून बसलेला असतो, आणि तो निघाला की गळती सुरू होते. या सगळ्याचा खर्च नव्या बॉयलरच्या मानाने थोडा आहे, आणि पुढे खरंच बॉयलर बदलायची वेळ आली तरी यातलं काही वाया जात नाही. उलट, वाटप नीट झाल्यावर कळतं की आत्ता आहे त्याहूनही लहान बॉयलर पुरेल, आणि हे ऐकलं की घरमालकांचे कान टवकारतात.

काम झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या. महिनोन्‌महिने गारठलेल्या विटांच्या भिंती तापायला तेवढा वेळ घेतातच. मग पुन्हा तेच चार वेळचे आकडे लिहा आणि रेडिएटरच्या दोन्ही पाइपांचं तापमान मोजा. फरक १५ अंशांच्या आत आला, माथ्यापासून तळापर्यंत रेडिएटर सारखा तापला आणि तरीही घर १८ च्या खाली राहिलं, तर पाण्याचा प्रश्न मिटलेला आहे. तिथून पुढे रेडिएटरचे खण वाढवायचे आणि छप्पर झाकायचं, याच क्रमाने.